पुराच्या वेळी सराफ बाजार, भांडी बाजारातून बाहेर पडायच्या वाटा अल्गोरिदमने ठरवता येतील का?

गोदाकाठ (सोमवार, रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी. पाऊस धरला की आमच्या जुन्या नाशकात, गोदावरीच्या काठाला, सकाळचा पहिला प्रश्न एकच, गंगापूर धरणातून पाणी किती सोडलं? खाली दुकान, वर घर अशी आमच्यासारखी बरीच कुटुंबं भांडी बाजार, सराफ बाजार, कापड पेठेत राहतात. २००८, २०१६, २०१९, तिन्ही वेळा दुकानात पाणी शिरलं. माल गेला, गल्लीतली माणसं सुखरूप राहिली. पण प्रत्येक वेळी निघताना जो गोंधळ झाला तो आठवला की अजून पोटात गोळा येतो. जो तो आपापल्या डोक्याने पळत होता.

यंदा मंडळाच्या बैठकीत ठरलं की गणपतीच्या आत आपल्या गल्ल्यांपुरता बाहेर पडायचा आराखडा करायचा. भाचा इंजिनिअरिंगला आहे. त्याने मोकळ्या नकाशावरून गल्ल्या उतरवल्या आणि प्रत्येक घरापासून उंच जागेपर्यंतचा सगळ्यात जवळचा रस्ता काढला. काम सुबक आहे, पण निकाल बघून सगळे गप्प झालो. जवळजवळ प्रत्येक घराची वाट दहीपुलावरून मेनरोडला! सगळ्यांनी तोच रस्ता धरला तर तिथे काय होईल हे इथल्या कुणालाही सांगायला नको.

माणसं वेगवेगळ्या गल्ल्यांत वाटून देणारी एखादी पद्धत आहे का? आणि जुन्या नाशकाच्या बोळांना ती लागू पडते का? जाणकारांनी कृपया लिहावं.

आडगाव_नाका

नदीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या छातीला पाणी लागलं की निघायचं. आजोबांपासून हाच अल्गोरिदम आहे आमच्याकडे. :)

बिंदूरेषा

आडगाव_नाका, हसण्यावारी नेऊ नका, तुम्ही सांगितलंत ती अर्धी योजना झाली. बाहेर पडायच्या आराखड्यात दोन निर्णय असतात, कधी निघायचं आणि कुठून निघायचं. 'कधी'चं उत्तर नाशिककरांनी मारुतीच्या मूर्तीवर आणि काठावरच्या नारोशंकराच्या देवळातल्या घंटेवर केव्हाच मांडून ठेवलं आहे. गोदाकाठ विचारतायत ते 'कुठून'चं.

भाच्याने वापरलेली रीत बहुधा डायक्स्ट्रा या डच संगणकतज्ञाची असणार. डायक्स्ट्राने ती १९५६ साली ॲमस्टरडॅमच्या एका कॅफेत बसून वीसेक मिनिटांत सुचवली आणि १९५९ मध्ये छापली. रॉटरडॅमहून ग्रोनिंगेनला सगळ्यात जवळच्या रस्त्याने कसं जायचं, हा त्याचा प्रश्न होता. म्हणजे जाणारा एकटा आहे आणि रस्ते मोकळे आहेत. तुमच्याकडे हजारो जण एकाच वेळी निघणार आहेत. प्रत्येकासाठी जवळचा रस्ता सगळ्यांसाठी जवळचा राहत नाही, म्हणून तर सगळी घरं दहीपुलावर येऊन पडली.

इथे लागतो तो प्रवाहाचा हिशोब. फोर्ड आणि फुल्करसन यांनी १९५६ मध्ये दाखवलं की जाळ्यातून एका वेळी जास्तीत जास्त किती माल जाईल हे त्या जाळ्यातल्या सगळ्यात अरुंद कापावर ठरतं. वस्तीभोवती मनात एक रेघ ओढा. ती रेघ ओलांडणाऱ्या सगळ्या गल्ल्यांच्या रुंदीची बेरीज करा. ज्या रेघेची बेरीज सगळ्यात कमी भरेल तिच्यापेक्षा जास्त माणसं मिनिटाला बाहेर पडूच शकत नाहीत, मग आतले रस्ते कितीही रुंद असोत. १९५८ मध्ये त्याच दोघांनी यात वेळ आणली. प्रत्येक चौकाची दर मिनिटाला एक प्रत काढायची, नऊ वाजताचा रविवार कारंजा वेगळा आणि नऊ वाजून एक मिनिटाचा वेगळा. उत्तर अचूक येतं, पण नकाशा इतका फुगतो की मोठ्या शहराला झेपत नाही.

मग मिनेसोटा विद्यापीठात शशी शेखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साधारण २००३ ते २००५ च्या सुमारास एक सुटसुटीत मार्ग काढला. क्षमतेचं भान ठेवून वाटा ठरवणारी रीत म्हणा हवं तर. रेल्वेच्या आरक्षणासारखं चालतं ते. सगळ्या घरांतून आत्ता सगळ्यात लवकर बाहेर पोचवणारी वाट शोधायची, त्या वाटेवरचा सगळ्यात अरुंद तुकडा जितकी माणसं घेईल तितकी पाठवायची, आणि वाटेतल्या प्रत्येक गल्लीतली त्या त्या मिनिटाची जागा त्यांच्या नावावर टाकायची. मग उरलेल्या माणसांसाठी पुन्हा पहिल्यापासून शोध. दहीपुलाची आठव्या मिनिटाची जागा भरली की पुढच्या घराला आपोआप दुसरी गल्ली मिळते, नाहीतर नववं मिनिट मिळतं. उत्तर शंभर टक्के सर्वोत्तम असतंच असं नाही, पण जवळपास तसंच येतं आणि झटपट येतं. मिनेसोटातल्या माँटिसेलो अणुवीज केंद्राच्या परिसरासाठी ही पद्धत वापरून पाहिली होती.

सिडकोवाली

@बिंदूरेषा, पहिल्यांदाच नीट समजलं, धन्यवाद. पण गल्लीची 'जागा' मोजायची कशी? रस्त्यावर किती गाड्या मावतात ते कळतं. माणसांचं काय?

ओळंबा

हे आमच्या धंद्यातलं, म्हणून लिहितो. ब्रिटनमधले क्रीडांगणांच्या सुरक्षेचे जे नियम आहेत त्यात सपाट वाटेवर दर मीटर रुंदीमागे मिनिटाला ८२ माणसं आणि पायऱ्यांवर ६६ माणसं धरतात. आपल्याला अंदाजाला पुरेल.

आता उदाहरण घ्या. एका ओट्यापासून समोरच्या ओट्यापर्यंत गल्ली २.४ मीटर आहे. एका कडेला दुचाक्या लागल्या की चालायला उरते १.२ मीटर. म्हणजे मिनिटाला ९८ माणसं. त्या वाटेला दीड हजार माणसं असतील तर पंधरा मिनिटं. दुचाक्या काढल्या तर तीच माणसं आठ मिनिटांच्या आत बाहेर. आणि वाटेत १.२ मीटरच्या चार पायऱ्या जरी आल्या तरी मिनिटाला ७९, म्हणजे एकोणीस मिनिटं. चारच पायऱ्या आहेत म्हणून त्या सोडून देता येत नाहीत, कारण सगळी रांग त्यांच्याच वेगाने सरकते.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. रुंदी नकाशावरून घेऊ नका, टेप लावून मोजा, आणि सगळ्यात चिंचोळ्या जागी मोजा. विजेच्या डीपीचा डबा, दुकानाची पुढे आलेली फळी, शटरसमोरचा दगड, सगळं वजा करा. आणि हे आकडे कोरड्या, उजेडातल्या वाटेचे आहेत. घोट्याच्या वर वाहतं पाणी आलं की ते धरू नका.

जुनं_नाशिक

आता मी बोलतो. बाकी सगळं राहू द्या, पण दहीपुलाची वाट आधी खोडा.

दहीपूल हा पूलच आहे, बाबांनो. त्याच्या खालून सरस्वती नाला जातो. आता वरून रस्ता आणि दुकानं झाली म्हणून नव्या पिढीला दिसत नाही. गोदावरी फुगली की नाल्याचं पाणी नदीत जायला जागा राहत नाही, ते उलटं सराफ बाजारात चढतं. गंगापूरमधून थेंब सोडला नसला तरी शहरात तासभर मुसळधार झाली की तिथे गुडघाभर पाणी. नकाशाला तो चांगला सपाट जवळचा रस्ता दिसतो. म्हणजे तुमचा संगणक लोकांना पाण्याच्याच वाटेने पाठवतोय.

बोहोरपट्टीने रविवार कारंजा हा चढ आहे. नेहरू चौकाकडून तिवंध्याकडे हाही चढ आहे. त्या दोन वाटा धरा.

आणि कुणी काझी गढीकडे बोट दाखवू नका. उंच आहे म्हणून नकाशात ती सुरक्षित दिसेल, पण दर पावसाळ्यात तिची माती ढासळते आणि तिथल्याच लोकांना हलवायच्या नोटिसा निघतात.

बिंदूरेषा

काका, याचसाठी असे धागे काढायचे असतात. तुम्ही सांगितलंत ते गणितात अगदी सरळ बसतं. प्रत्येक वाटेला रुंदीबरोबर मुदतही द्यायची. दहीपूल पावसाच्या पहिल्या तासापुरता चालू, त्यानंतर त्याची क्षमता शून्य. काझी गढीला मुक्कामाच्या यादीतूनच काढायचं.

उंचीबद्दल सांगतो, कारण भाचा तिथे फसू शकतो. उपग्रहाचे फुकट मिळणारे उंचीचे नकाशे बहुतेक ३० मीटरच्या चौकटीचे असतात. जुन्या नाशकात ३० मीटरमध्ये अख्खी गल्ली, दोन वाडे आणि एक पार येतो. त्यावरून चढउतार ठरवू नका. जुनं_नाशिक यांच्यासारख्या चार जणांना विचारून २००८ ला आणि २०१६ ला पाणी कोणत्या ओट्यापर्यंत होतं त्या खुणा लावा. महापुराच्या निळ्या आणि लाल रेषाही घ्या. आपल्याकडे निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतल्या पुराची. मुक्काम लालच्या पलीकडे हवा.

पंचवटीकर

आमच्या बाजूचंही बघा. रामकुंड, सरदार चौक, गौरी पटांगण. इकडचे लोक मालेगाव स्टँडकडे चढतात.

गाडगे_पूल

पुलांचा विचार केलाय का? होळकर पूल, गाडगे महाराज पूल, रामसेतू. पुलावरूनच सगळे इकडचे तिकडे जाणार.

ओळंबा

पुलावरून जायचंच कशाला? सराफ बाजारवाल्यांनी रविवार कारंज्याकडे चढायचं, पंचवटीवाल्यांनी मालेगाव स्टँडकडे. दोन्ही काठांना आपापला चढ आहे. पूरकाळात पूल नकाशातून काढून टाका, नदीच्या दोन बाजूंचे दोन वेगळे आराखडे करा. गणित निम्मं होईल आणि धोकाही.

गाडगे_पूल

कागदावर बरोबर आहे हो. पण माझं दुकान इकडे आणि घर पंचवटीत आहे. मुलं घरी एकटी असतील तर मी रविवार कारंज्यावर उभा राहणार नाही. मी पुलाकडेच धावणार, आणि माझ्यासारखे शेकडो आहेत.

सिडकोवाली

हे खरं आहे. माणूस आधी आपली माणसं गोळा करतो, मग निघतो. म्हणून प्रत्येक काठावर 'तुझं घर पलीकडे असेल तर मुलांना कोण उचलणार' हे शेजाऱ्याशी आधीच ठरवायला हवं. दोन फोन नंबर आणि एक नाव, एवढ्याने पुलावरची निम्मी धावपळ थांबेल.

निवृत्त_खाकी (मंगळवार, पहाटे ५:५०)

मी बंदोबस्ताला उभा राहिलेला माणूस आहे. थोडं लांबेल.

तुम्ही सगळे बाहेर जाणाऱ्यांचा हिशोब करताय. पुराच्या दिवशी सगळ्यात जास्त गर्दी आत येणाऱ्यांची असते. सिडको, सातपूर, नाशिकरोड, कुठून कुठून लोक पोराबाळांना घेऊन पूर बघायला येतात. होळकर पुलाच्या कठड्याला माणसं चिकटलेली, मोबाइल वर. रविवार कारंज्यावर गाड्या तिरक्या लावलेल्या. बोहोरपट्टीतून भांड्यांची पोती डोक्यावर घेऊन वर येणारा माणूस आणि खाली उतरणारे बघे समोरासमोर येतात, मग कोणीच हलत नाही. मिनिटाला ९८ चं गणित तिथेच कोसळतं. तुमच्या आराखड्यात पहिली ओळ ही हवी की पाणी वाढायला लागलं की या वाटा एकेरी, फक्त वर जायला. दोर लावा, चार पोरं उभी करा.

दुसरं. २७ ऑगस्ट २००३ ची, कुंभमेळ्यातली चेंगराचेंगरी नाशिक विसरलेलं नाही. ३९ भाविक गेले. वाट उताराची, अरुंद, आणि बांबूचे अडथळे. मागच्या माणसाला पुढे काय चाललंय ते दिसत नाही, तो ढकलत राहतो. चौरस मीटरमध्ये चारपाच माणसं झाली की पुढे माणूस स्वतःच्या पायाने चालत नाही, गर्दी त्याला नेते. त्यानंतर सोडवायला जागाच उरत नाही, म्हणून आधी, वरच्या चौकात, लोक थांबवावे लागतात. थांबवलेले लोक शिव्या देतात. देऊ द्या.

२०१५ च्या कुंभाला आम्ही इतके कडक राहिलो की पहिल्या पर्वणीला, म्हणजे मुख्य स्नानाच्या दिवशी, लोकांना मैलोन्‌मैल चालावं लागलं आणि गावातले लोक घरात अडकले. त्याबद्दल खूप बोलणी खाल्ली, पुढच्या पर्वणीला बंधनं सैल केली. पण चेंगराचेंगरी झाली नाही. मला विचाराल तर मी आजही त्या बाजूने आहे.

मखमलाबादी

खाकीकाका, आदर आहे, पण २०१५ चा बंदोबस्त योग्य होता हे मान्य नाही. आमच्या शेजारच्या गरोदर बाईला त्या दिवशी दवाखान्यात न्यायला दोन तास लागले, प्रत्येक नाक्यावर विनवण्या. रस्ता बंद करणं म्हणजे नियोजन नाही. बाहेर काढायच्या वाटा आखताना आत जाणारी एक वाट रुग्णवाहिकेला मोकळी ठेवलीच पाहिजे.

निवृत्त_खाकी

ती वाट ठेवायलाच हवी होती. त्याला माझा विरोध नाही.

ह्यूस्टनचा_नाशिककर

मूळचा भद्रकालीचा, २००५ साली इथे ह्यूस्टनमध्ये होतो. रीटा वादळाच्या आधी शहर रिकामं करायला सांगितलं. तीनच आठवड्यांपूर्वी कतरिनाने न्यू ऑर्लिन्सची काय दशा केली ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं होतं. ज्यांना निघायची गरज नव्हती तेही निघाले. पंचवीस लाखांहून जास्त लोक रस्त्यावर, भर उन्हात, पेट्रोल संपलेल्या गाड्या. डॅलसजवळ वृद्धाश्रमातल्या लोकांना नेणारी बस पेटली, त्यात २३ जण गेले. रीटाच्या वाऱ्यापाण्यापेक्षा त्या पळापळीनेच जास्त बळी घेतले.

उलट दिशेच्या मार्गिकाही बाहेर जाण्यासाठी उघडणं हा उपाय इथे आधीपासून माहीत होता. १९९९ च्या फ्लॉइड वादळात दक्षिण कॅरोलिनात तो उशिरा केला म्हणून लोक तासन्‌तास अडकले होते. रीटाच्या वेळीही तो उशिराच झाला. कतरिनाच्या वेळी न्यू ऑर्लिन्समध्ये वेळेवर झाला आणि गाडीवाले बरेचसे नीट निघाले. मागे राहिले ते ज्यांच्याकडे गाडी नव्हती, म्हातारे, आजारी, गरीब. आराखडा गाडीवाल्यांसाठी आखलेला होता.

यातून मला दोन गोष्टी दिसतात. एक, सगळ्यांना एकदम 'निघा' म्हणू नका. खालच्या गल्लीला आधी, वरच्या गल्लीला नंतर, आणि ज्यांच्याकडे पाणी येत नाही त्यांना स्पष्ट सांगा की घरीच थांबा. दुसरी, गोदाकाठ, तुमच्या भागात चारचाकी अजिबात काढू देऊ नका. मिनेसोटावाल्यांच्याच अभ्यासात निघालं होतं की मैलभराच्या आतल्या लोकांनी चालत निघावं, त्याने एकूण वेळ पुष्कळ कमी होतो. भांडी बाजार ते रविवार कारंजा मैल तरी आहे का?

गोदाकाठ

मैल कसला, धापा न टाकता जाता येतं. पण गाडी वाचवायला लोक गाडी काढतातच. गाड्या इशारा मिळाल्याबरोबर आधीच वर नेऊन लावायच्या असं बैठकीत मांडतो.

चांदोरीचा_मळेवाला

शहरवाल्यांचं वाचतोय. आमच्याकडं सायखेडा, चांदोरीला २०१९ ला गोदामाईनं काय केलं ते पाहिलंय. खाली नांदूरमध्यमेश्वरचा बंधारा, वरून येणारं पाणी तुंबतं आणि गावात पसरतं. आमच्याकडं माणूस काढणं सोपं आहे, जनावर काढणं अवघड. बोटीवाले येऊन हाका मारतात, म्हातारा म्हणतो गाय दाव्याला आहे, मी येत नाही. आम्ही आता पाणी यायच्या आधी जनावरं ट्रॅक्टरनं उंचावरच्या मळ्यात नेतो. तुमच्या त्या अल्गोरिदमात गायीला जागा आहे का?

ह्यूस्टनचा_नाशिककर

आहे, आणि असायलाच हवी. कतरिनात कुत्र्यामांजरांना सोडून यायला नको म्हणून कित्येक लोक घरात थांबले. त्यानंतर २००६ मध्ये अमेरिकेने कायदाच केला की सुटकेच्या आराखड्यात पाळीव प्राण्यांची सोय हवी. तुमचे लोक जनावरं आधी हलवतात तेच बरोबर आहे. मग म्हाताऱ्याला थांबायला कारण उरत नाही.

गणिताचे_मास्तर

थोडं माझ्या विषयातलं. १९६८ मध्ये ब्राएस या जर्मन गणितज्ञाने दाखवलं की जाळ्यात नवा रस्ता जोडल्यावर सगळ्यांचाच वेळ वाढू शकतो, कारण प्रत्येक जण स्वतःपुरता विचार करून त्या नव्या रस्त्याकडे वळतो. म्हणून एखादा बोळ मुद्दाम बंद ठेवणं कधीकधी सगळ्यांच्या हिताचं असतं. गाड्यांच्या वेळेचं एक जुनं सूत्रही आहे, अमेरिकी रस्ते खात्याचं, १९६४ चं. रस्त्यावर क्षमतेइतक्या गाड्या असतील तर वेळ १५ टक्क्यांनी वाढतो, दुप्पट गाड्या झाल्या तर वेळ ३.४ पट. शेवटच्या काही गाड्याच सगळ्यांचा घात करतात. माणसांच्या गर्दीतही हेल्बिंग आणि मंडळींनी २००० मध्ये असंच काही दाखवलं, दारापाशी जितकी घाई तितकं बाहेर पडणं मंद.

आडगाव_नाका

मास्तर, लोकांना ब्राएस सांगून बोळ बंद केला तर बोळातली काकू लाटणं घेऊन येईल.

गणिताचे_मास्तर

म्हणून काकूंना पावसाळ्याच्या आधी सांगायचं. बैठकीला बोलवा, पहिली खुर्ची त्यांना द्या.

वाड्यातली_सून

इतकी चर्चा झाली, पण अजून कुणी आमच्या सासूबाईंबद्दल बोललं नाही. वय ८४, वॉकर, दुसरा मजला, लाकडी जिना असा की एका वेळी एकच माणूस उतरेल आणि त्यालाही डोकं वाकवावं लागेल. गल्ली आठ मिनिटांत रिकामी होईल हो. आमच्या जिन्यावरून त्यांना खुर्चीत बसवून उतरवायला चौघं जण लागतात, आणि तेवढा वेळ वरची बाकी दोन बिऱ्हाडं जिन्यावर खोळंबतात. तुमचा नकाशा दारापासून सुरू होतो, आमचा खोळंबा दाराच्या आत आहे.

मखमलाबादी

ताई, पूर आहे, आग नाही. दुसऱ्या मजल्यावर असाल तर तिथेच थांबणं जास्त सुरक्षित नाही का?

जुनं_नाशिक

नवी सिमेंटची इमारत असेल तर एक वेळ थांबा. जुन्या वाड्यात नाही. माती-विटांच्या भिंती खालून भिजल्या की वाडा बसतो. दर पावसाळ्यात जुन्या नाशकात एखादा तरी वाडा कोसळल्याची बातमी येते, पूर नसतानासुद्धा.

बिंदूरेषा

वाड्यातली_सून, तुमचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा आहे. जिना हीसुद्धा एक वाट म्हणूनच नकाशात टाकायची, तिची क्षमता 'चार मिनिटांत एक' अशी असेल तर तशी. आणि ज्यांना वेळ लागतो त्यांना सगळ्यांच्या आधी काढायचं. गंगापूरचा विसर्ग वाढवणार अशी सूचना आली की गर्दी सुरू होण्याच्या कितीतरी आधी त्या चौघांनी तुमच्याकडे यायचं. त्या चौघांची नावं आराखड्यात लिहिलेली हवीत. प्रत्येक वाड्यात असं कोण आहे याची यादी कुठल्याच नकाशात मिळणार नाही, ती दारोदार जाऊनच करावी लागेल.

सिडकोवाली

यादी करायला मी येते. आमचं महिला मंडळही येईल.

पंचवटीकर (बुधवार)

एक गोष्ट कुणी पाहिली का? २०२७ च्या कुंभाच्या पर्वण्या २ ऑगस्ट, ३१ ऑगस्ट आणि ११ सप्टेंबर, त्र्यंबकला १२. आणि २०१६ चा पूर कधी आला होता? २ ऑगस्टलाच! सगळ्या पर्वण्या भर पावसाळ्यात. रामकुंडावर लाखो माणसं आणि वर धरण भरलेलं, असं झालं तर काय?

निवृत्त_खाकी

हाच माझ्या जिवाला घोर आहे. २९ जानेवारी २०२५ ला प्रयागराजच्या कुंभात संगमावर पहाटे चेंगराचेंगरी झाली ती पाहिलीत. तिथे वरून पाणी सोडायचा प्रश्न नव्हता. इथे आहे. स्नानाला येणाऱ्यांना परतीची वाट ओळखीची नसते, भाषा वेगळी असते. त्यांना ॲप देऊन उपयोग नाही, बाण आणि माणूस लागतो.

बिंदूरेषा

२०१५ ला कुंभाथॉनमध्ये, म्हणजे कुंभाच्या अडचणींवर नव्या युक्त्या शोधायच्या उपक्रमात, नाशिकच्याच मुलांनी पायाखालच्या चटईवरून माणसं मोजायचं यंत्र करून घाटाच्या वाटेवर लावलं होतं. मोजणी अशी थेट मिळत असेल तर आराखडा दर पाच मिनिटांनी नव्याने काढता येतो, कोणती वाट भरली आणि लोक कुठे वळवायचे ते कळतं. ओडिशाचं उदाहरणही समोर आहे. १९९९ च्या चक्रीवादळात दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. २०१९ ला फनी चक्रीवादळाच्या आधी बारा लाखांच्या आसपास लोक हलवले आणि मृत्यू शंभराच्या आत राहिले. तिथे निवारे बांधले, गावागावात स्वयंसेवक तयार केले, तालमी घेतल्या. वीस वर्षं लागली, पण झालं.

मखमलाबादी

मोजणीची यंत्रं, नियंत्रण कक्ष हे सगळं प्रशासनाने करायचं. आपण गल्लीतल्यांनी काय करायचं? गोदाकाठांचा मूळ प्रश्न तसाच राहिला.

गोदाकाठ (बुधवार, रात्री १०:१५)

राहिला नाही, माझ्यापुरतं बरंच सुटलं. भाच्याबरोबर बसून नव्याने केलं. दहीपूल पहिल्या तासानंतर बंद, काझी गढी बाद, पूल बाद. आरक्षणाची रीत वापरली. आता निम्म्याहून थोडी जास्त घरं बोहोरपट्टीने रविवार कारंज्याला जातात, बाकीची नेहरू चौकावरून तिवंध्याला. भाच्याने दोनदा तपासलं, अडकतंय ते एकाच ठिकाणी, बोहोरपट्टीच्या तोंडाशी. तिथे त्याने रुंदी नकाशावरून घेतली आहे, म्हणून तो आकडा अजून खरा मानत नाही.

कागदाचं असं ठरवतोय. प्रत्येक घराला एक चिठ्ठी, त्यावर तीनच गोष्टी, तुमची वाट कोणती, तुमच्या आधी कोणती गल्ली निघणार, आणि तुमच्या वाड्यातल्या म्हाताऱ्या माणसांना कोण उचलणार. चिठ्ठी दाराच्या आतल्या बाजूला चिकटवायची. पुराच्या वेळी वीज आणि नेटवर्क दोन्ही जातात, त्यामुळे मोबाइलवर काही ठेवायचं नाही.

येत्या रविवारी सकाळी सातला टेप घेऊन रुंदी मोजायची आहे. दुकानं उघडायच्या आधी आणि मग पुन्हा दहा वाजता, दुचाक्या लागल्यावर. कोण येतंय?

ओळंबा

मी येतो, तीस मीटरची टेप आणतो. खडू तुम्ही आणा, चिंचोळ्या जागी भिंतीवर आकडा लिहून ठेवू.

वाड्यातली_सून

आमच्या जिन्यापासून सुरू करा. चहा माझ्याकडे.

आडगाव_नाका

मोजणी झाल्यावर मिसळ माझ्याकडून, सगळ्यांना. आणि पूर बघायला येणाऱ्या आमच्या नाक्यावरच्या पोरांना थांबवायची जबाबदारी मी घेतो, हे मनापासून सांगतोय.

निवृत्त_खाकी

दहा वाजता मी बोहोरपट्टीच्या तोंडाशी उभा राहतो. वर येणारे आणि खाली जाणारे वेगळे मोजायला दोन पोरं द्या.

गोदाकाठ

दिली. भाचा आणि त्याचा मित्र. काका, पावणेदहाला या, दहाच्या आधीच तिथे टेम्पो लागतो.